परीकथेतले श्रम कोणाचे?

परीकथा उलटी करणे सोपे आहे. राक्षसाला नायक करावे, राजपुत्राला खलनायक, की झाली कादंबरी! अशा उलटापालटीला मी पुनर्कथन मानत नाही. पात्रांच्या जागा बदलतात, कथेचा हिशेब मात्र जुनाच राहतो. कादंबरीची आखणी करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा : मूळ कथेत काम कोणी केले आणि शिक्षा कोणाला झाली?

ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील ‘रम्पेलस्टिल्टस्किन’ पाहा. एक गिरणीवाला राजापुढे थाप मारतो, की माझी मुलगी गवताच्या काड्यांपासून सोने कातते. राजा तिला कोंडतो. एक बुटका येऊन तीन रात्री सोने कातून देतो. मोबदला म्हणून हार, अंगठी आणि शेवटी पहिले मूल मागतो. मुलगी राणी होते आणि बुटक्याचे नाव सांगून सुटते. थापाड्या बाप सुटला, हावरा राजा सुटला. राबला तो तेवढा बुडाला. आणि याला सुखान्त म्हणायचे!

अमेरिकन लेखिका नाओमी नोविक हिने २०१८ साली ‘स्पिनिंग सिल्व्हर’ ही कादंबरी लिहिली ती नेमकी या हिशेबावर बोट ठेवून. तिच्या घराण्याचा एक धागा लिथुआनियातल्या ज्यूंचा आहे. सोन्यामागे लागलेला, दुसऱ्याचे मूल पळवू पाहणारा परका बुटका हे चित्र युरोपने ज्यूंवर लादलेल्या बदनामीशी किती जुळते! ग्रिम बंधूंच्याच संग्रहात, १८१५ च्या दुसऱ्या खंडात, काट्यांत ज्यूला नाचवून शेवटी फासावर देणारी कथा आहे. तीही मुलांसाठीच.

नोविकची नायिका मिर्येम ही सावकाराची मुलगी. इथे आपल्या वाचकाने थांबले पाहिजे. आपल्याकडचा सावकार म्हणजे वहीत गावाची जमीन बांधणारा. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी त्याच्याच वह्या जाळल्या. मध्ययुगीन युरोपातील ज्यूला मात्र बहुतेक ठिकाणी जमीन नव्हती, कारागीर संघांचे दार बंद होते. व्याजाचा धंदा त्याच्या वाट्याला ढकलला गेला आणि मग त्याच धंद्यासाठी त्याला हिणवले गेले. शब्द एक, समाजातील जागा वेगळी. हे न जाणता केलेले वाचन फसवे ठरेल.

आखणीचे खरे बळ जादूच्या मांडणीत आहे. हिमप्रदेशाचा स्टारिक राजा मिर्येमला चांदीचे सोने करायला सांगतो. ती मंत्र म्हणत नाही. सोनाराकडून त्या चांदीची अंगठी, मग हार, मग मुकुट घडवून घेते आणि ड्यूकला सोन्याच्या मोलाने विकते. जादू म्हणजे कारागिरी आणि व्यवहार. मूळ कथेने लपवलेले श्रम इथे उजेडात येतात.

दुसरे बळ वांडा. बापाच्या कर्जापोटी ती मिर्येमच्या घरी राबायला येते आणि तिथे आकडेमोड शिकते. वहीतले आकडे तिला आधी जादूच वाटतात. अक्षरापासून तोडलेल्या माणसाला अक्षर असेच दिसते. पण माझा आक्षेपही इथेच आहे. बापाच्या मारापेक्षा हे घर बरे, म्हणून कर्जाची मजुरी जणू वरदान ठरते. मालकीण भली निघाली, एवढ्याने वेठ संपत नाही.

शेवटाबद्दलही तेच. ड्यूकची मुलगी सम्राज्ञी होऊन राज्य सावरते, मिर्येम स्टारिक राजाशी लग्न करते. सिंहासने जागच्या जागी राहतात. स्टारिक सेवकांना मिर्येम नावे देते, हा प्रसंग हृद्य आहे. पण वरून बहाल झालेले नाव आणि आपण होऊन घेतलेले नाव यांत फरक आहे. तो आम्हाला कोणी शिकवायला नको.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलगडल्या, त्या नुसत्या पात्रे बदलून नव्हेत. बळीचे राज्य कसे होते आणि ते कोणी बुडवले, हे त्यांनी विचारले. नोविक अर्ध्या वाटेपर्यंत येते; ही अर्धी वाटही थोडी नाही. आपल्यातील जे तरुण उद्या अद्भुताची कादंबरी लिहायला बसतील, त्यांनी आराखड्याच्या पहिल्या पानावर राजाचे नाव लिहू नये. रात्रभर काततो कोण, ते लिहावे. पुढची प्रकरणे त्यातून निघतील.