आर्चीच्या बहिणी पुस्तकांत कुठे आहेत?

‘सैराट’ हा चित्रपट २०१६ मध्ये आला. त्यातल्या सोलापूर जिल्ह्यातल्या आर्चीच्या तोडीची नायिका मराठी किशोर साहित्याला अजून देता आलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी लिहिलेली आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूने साकारलेली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन थेट प्रियकर परश्याच्या घरी जाते. यंत्र हातात असल्यामुळे भेट कधी आणि कुठे व्हायची, हे ती ठरवते. अर्थात तो ट्रॅक्टर तिच्या पाटील बापाचा. जमीन आणि जात यांच्या जोरावर तो तिला मिळाला, हे विसरून तिला नुसतं ‘बिनधास्त’ म्हणणं अपुरं आहे. मला तिचा परश्यासोबत पळून गेल्यानंतरचा हैदराबादचा काळ जास्त मोलाचा वाटतो. तिथे बापाची गाडी नाही. ती कारखान्यात मजुरी करते, परकी भाषा शिकते. यंत्राशी तिचं नातं आता कष्टाचं होतं.

पुस्तकांत मात्र चाकं मुलांकडेच राहिली. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सायकल म्हणजे घराबाहेर पडायचा परवानाच होता. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’सोबत ‘चिंगी’ही लिहिली, पण स्वतःच्या सायकलवर गाव पालथं घालणारी मुलगी फास्टर फेणेसारखी पिढ्यान् पिढ्या वाचकांच्या तोंडी बसली नाही.

सोलापुरात मुलींभोवती अवजारांची कमतरता नाही. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते: पानं भिजवायची, मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा, मजुरी हजारी हिशेबाने. यंत्रमागावर बहुतेक पुरुष. कांड्या भरायला, टॉवेलच्या कडा शिवायला बायका. बोटांचं हे मोजमाप तंत्रज्ञान नाही तर काय आहे? किशोरकथेत हे घर आलंच तर कणव वाटावी म्हणून येतं. गरीब आई, हुशार मुलगी, शिष्यवृत्ती. ती कात्री हातात घेऊन मुलगी काय विचार करते, हे कुणी लिहीत नाही.

रोजच्या कामांतून विज्ञानकथाही निघू शकते. लेखिका बेगम रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ मध्येच ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेत बायकांच्या विद्यापीठांकडून ढगांतलं पाणी उतरवून घेतलं, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करवला. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या वेळेवर मुलींची झोप आणि शाळा ठरते. इतक्या सकस विज्ञानकथेचा विषय दारात उभा आहे.

मोबाईलच्या बाबतीत मला खरा राग येतो. मुलीच्या हातात मोबाईल आला, की कथेत फसवणूक, बदनामी आणि पश्चात्ताप ठरलेले. सोडवायला भाऊ किंवा शाळेतल्या बाई. रिचार्ज कोण करतं, पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक असतो, घरातला एकुलता फोन आधी कुणाच्या अभ्यासाला मिळतो, हे प्रश्न पंधरा वर्षांची वाचक रोज सोसते. तिला घाबरवणाऱ्या कथा पुरे झाल्या. संपादकांनी दिवाळी अंकांसाठी या प्रश्नांवरचं लेखन मुद्दाम मागवावं, आणि विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतल्या मुलींकडूनही मागवावं.