अर्काने अमायलेज अडले, पुढे काय?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विज्ञान प्रदर्शनांत एक प्रकल्प आम्ही वारंवार पाहिला आहे. स्टार्चच्या द्रावणात लाळ घालायची, त्यातल्या एका नळीत जांभळाच्या बियांचा किंवा बेडकीच्या पाल्याचा अर्क टाकायचा आणि आयोडीनने तपासायचे. अर्काच्या नळीत निळा रंग टिकतो. लाळेतील अमायलेज अडले, स्टार्चची साखर झाली नाही. तक्त्यावर निष्कर्ष असतो, ‘मधुमेहावर गुणकारी’.

प्रयोगाला आमची हरकत नाही, निष्कर्षाला आहे. जांभळाच्या बियांत टॅनिने भरपूर असतात. ती जवळजवळ कोणत्याही प्रथिनाला चिकटतात. तोंडाला बसणारी तुरट मिठी त्यांचीच. कडक कोऱ्या चहानेही अमायलेज मंदावते. मग चहालाही मधुमेहाचे औषध म्हणायचे का? आवळा घेतला तर उलटी फसगत होते, कारण क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवते. म्हणून स्टार्च, अर्क व आयोडीन आहे पण लाळ नाही, अशी एक नळी हवीच. (बेडकीचा पाला चघळल्यावर साखर बेचव लागते, हा पुरावाही मुले देतात. तो परिणाम जिभेवरचा. रक्तातील साखरेबद्दल त्यातून काही कळत नाही.)

महाविद्यालयात उपकरणे महाग, पण खड्डा तोच. ग्लुकोसिडेजच्या नेहमीच्या चाचणीत तयार होणारा पिवळा रंग मोजतात. आता सांगलीची हळद घ्या. करक्युमिन स्वतःच पिवळे! विकराशिवाय नुसत्या अर्काचे मापन वजा केले नाही, तर मोजलेला रंग कोणाचा हे सांगता येत नाही.

विकर अडवणे ही कल्पना मात्र निरर्थक नाही. अकार्बोज हे औषध त्याच तत्त्वावर चालते. पण तो ठरलेल्या मात्रेचा, माणसांवर तपासलेला एक शुद्ध पदार्थ आहे. युरोपातील गॅलेगा ही वनस्पती गुरांना विषारी. तिच्यातील द्रव्यांच्या अभ्यासातून मेटफॉर्मिनपर्यंत वाट गेली. ते १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि मधुमेहींवरचा त्याचा उपयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बिबळ्याची, म्हणजे विजयसाराची, थेट रुग्णांवर चाचणी घेतली, हे तिचे श्रेय. १९९८ च्या अहवालात ९७ नव्या मधुमेहींपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची, साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आल्याचे दिले आहे. आकडा मोठा आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. नुकतेच निदान झालेला माणूस भात कमी करतो, फिरायला लागतो. त्यानेही साखर उतरते. यातला वाटा बिबळ्याचा किती आणि पथ्याचा किती? परिषदेने पुढे टोलब्युटामाइड या औषधाशी तुलना केली, ती याचसाठी आवश्यक होती. बिबळ्याचे लाकडी पेले विकणाऱ्यांना मात्र पहिलाच आकडा पुरतो.

तक्ता वाचणाऱ्यांत इन्सुलिन घेणाऱ्या मुलाचे आईवडीलही असतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद केले तर काही दिवसांतच जीवावर बेतते. त्यामुळे शिक्षकांनी तक्त्यावर ‘या अर्काने नळीतील अमायलेज मंदावले’ एवढेच लिहू द्यावे आणि शेजारी चहाची नळी ठेवायला सांगावी.