मोठी बुक्की, लहान मूर्ती

माझे वजन एकावन्न किलो आहे. हे वजन पावसाळ्यातले, भिजलेल्या छत्रीसकट. एस.टी.त माझ्या शेजारची जागा पकडायला लोक धावतात, कारण दोघांच्या बाकावर मी बसलो की दुसऱ्याला दीड माणसाची जागा मिळते. अशा माणसाला मुष्टियुद्धावर लिहिण्याचा अधिकार काय, असे तुम्ही विचाराल. माझे म्हणणे असे की बुक्की मारणाऱ्याच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ आहेत. खाणाऱ्याच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवेच की!

आम्हा किरकोळ अंगाच्या लोकांचे स्वतःचे एक वाङ्मय असते. ससा सिंहाला विहिरीत पाडतो, उंदीर सिंहाचे जाळे कुरतडतो, आणि एकूण सिंहाचे काही चालत नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण तर मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती माझ्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलेली असावी असे वाटते. या वाङ्मयावर मी आजवर जगलो. त्याच्यावर टीका करायची पाळी माझ्यावर आली ती माझ्या भाच्यामुळे.

माझी थोरली बहीण अलिबागला असते. भावोजींचे वजन मी विचारलेले नाही, पण त्यांच्या झोपाळ्याच्या कड्या दोनदा बदलल्या आहेत. चिरंजीव मात्र आमच्या घराण्यावर गेले. वय चौदा, वजन चव्वेचाळीस किलो, आणि छंद बॉक्सिंगचा! २०२४ च्या डिसेंबरात मी चार दिवस तिकडे गेलो होतो. युसिक आणि फ्युरी यांची दुसरी लढत रियाधला नुकतीच झाली होती, आणि भाचा ती मोबाइलवर सतराव्यांदा पाहत होता.

‘‘मामा, बघ. फ्युरी सहा फूट नऊ इंच, दोनशे एक्याऐंशी पौंड. युसिक फक्त दोनशे सव्वीस! तरी जिंकला. मे महिन्यातपण जिंकला होता.’’

‘‘लहान मूर्ती!’’ मी अभिमानाने म्हणालो.

‘‘दोनशे सव्वीस पौंड म्हणजे एकशे दोन किलो,’’ भावोजी झोपाळ्यावरून म्हणाले. ‘‘म्हणजे दोन मामा. याला लहान म्हणायचं असेल तर मग मीसुद्धा चिमुकलाच.’’

हिशेब बिनचूक असल्यामुळे मला तो आवडला नाही. मी महंमद अलीला पुढे केले. १९७४ साली किन्शासात फोरमनसारख्या हातोड्याला त्याने आठव्या फेरीत लोळवले की नाही?

‘‘अली काय तुमच्याएवढा होता का, मामा? सहा फूट तीन इंच! दोघांच्या वजनात फरक तीन-चार पौंडांचा. आणि त्या दिवशी तो पळत होता कुठे? दोरखंडाला टेकून उभा राहिला. फोरमन मारून मारून दमला, मग याने मारलं.’’

तेवढ्यात भाच्याने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, ‘‘मामा, मी जिंकेन का रे?’’

हळूहळू प्रकरण बाहेर आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात बॉक्सिंगचे प्रात्यक्षिक होते. याच्या वजनाचा दुसरा मुलगा आजारी पडला, म्हणून याला दहावीतल्या एका एकसष्ट किलोच्या मुलाशी लावले होते. ‘लोकांना मजा येईल’ असे शिकवणाऱ्यांचे मत पडले. सतरा किलोंचा फरक! बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. घरात लहान माणसांचे तज्ज्ञ एकच असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी अर्थातच खांदेरी काढली. अलिबागेत बसून खांदेरी काढायची नाही तर काय काढायचे? १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी खांदेरीवर उतरला आणि त्याने तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांच्या तोंडासमोरच हा किल्ला होणार! ते खवळले आणि त्यांनी ‘रिव्हेंज’ नावाचे तोफांचे जहाज आणि बरोबर सात लहानमोठी गलबते पाठवली. इकडून दौलतखान पन्नासच्या वर होड्या घेऊन निघाला. त्या वल्ह्यांच्या, चपळ आणि उथळ बुडाच्या. १८ ऑक्टोबरला पहाटे ते इंग्रजांवर असे तुटून पडले की नांगर उचलायलाही त्यांना धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासात इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब हाती लागली. डव्ह म्हणजे कबूतर, आणि तिने निशाणही पांढरेच दाखवले! माझा आवाज चढला होता. झोपाळा थांबला होता.

‘‘आणि मग?’’ भाच्याने विचारले.

‘‘मग काय, जिंकलो!’’

‘‘पण मी वाचलंय, की रिव्हेंजने आपली पाच गलबतं बुडवली आणि बाकीची नागोठण्याच्या खाडीत पळाली.’’

हल्लीची मुले वाचत नाहीत अशी तक्रार मी पूर्वी करीत असे. ती मी परत घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला घेऊन थळच्या किनाऱ्यावर गेलो. तिथून खांदेरी समोर दिसते, दीपस्तंभासकट. अलीकडे उंदेरी. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले, त्यांत खांदेरी आहे. पण त्या सकाळी ती आपली नुसतीच उभी होती. एक म्हातारे नाखवा जाळे दुरुस्त करीत बसले होते. मी त्यांना सरळच विचारले, लहान होडीने मोठ्या जहाजाला हरवता येते का?

‘‘हरवायचा कशाला?’’ ते वर न बघता म्हणाले. ‘‘वारा पडला की मोठा जहाज म्हंजे खडक. वल्हं मारनाऱ्याला वारा लागतो का? रातचा जायचा, सामान टाकायचा, यायचा. ह्या खडकांतून त्याचा बूड येनार नाय.’’ मग जाळ्यातला एक धागा दातांनी तोडून म्हणाले, ‘‘पन पाठी खाडी पायजे. पलायला जागा नसंल तर लहान होरीचा काय उपेग?’’

एवढ्या वर्षांत खांदेरीवर मी जे ऐकले-वाचले होते, त्यातून मला जे कळले नव्हते ते त्या दोन वाक्यांत कळले. खांदेरीची लढत मी आजवर चुकीच्या गुणफलकावर मोजत होतो. समोरासमोरच्या त्या एका दिवसात गलबते बुडाली ती आमची, पळालो तेही आम्ही. पण भांडण त्या जहाजाशी नव्हतेच. भांडण बेटाचे होते. दिवसा इंग्रज पहारा करीत आणि रात्री आमच्या होड्या रसद घेऊन बेटावर पोचत. तट वाढत राहिला. पहाऱ्याचा खर्च इंग्रजांना परवडेना. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी जहाजे मागे घेतली, तह केला, आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. (शेजारच्या उंदेरीवर मधल्यामध्ये सिद्दी येऊन बसला, तो भाग वेगळा.)

तेव्हा आमच्या वाङ्मयातला दोष असा. ते सांगते, लहान माणूस चपळ असतो म्हणून जिंकतो. चपळाईने फार तर मार चुकतो. लहान माणूस जिंकतो तो पाठीमागे जागा असेल, हाताशी वेळ असेल आणि मोठ्याला आडवे पाडण्याची हौस नसेल तरच. युसिकने तरी काय केले? दोन्ही लढतींत बारा-बारा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर जिंकला. फ्युरीला झोपवायला तो गेला नाही.

जो गेला त्याचीही गोष्ट आहे. १९४१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला बिली कॉन हा हलक्या गटातला मुष्टियोद्धा ज्यो लुईससमोर उभा राहिला. वजनात निदान पंचवीस पौंडांनी कमी. बारा फेऱ्या त्याने लुईसला असा नाचवला की तो गुणांत पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या नुसता अंतर राखून फिरला असता तरी जगज्जेता झाला असता. पण त्याला गुणांवर नको होते, लुईसला झोपवूनच हवे होते! तेराव्या फेरीत तो जवळ जाऊन भिडला, आणि ती फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतःच मोजला गेला. बारा फेऱ्या शहाणा असणे पुरत नाही, तेरावीही असावे लागते.

आणि पाठीमागची जागा गेली की काय होते हे पाहायला न्यूयॉर्कही नको. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन मोठमोठी जहाजे घेऊन विजयदुर्गावर आला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरात खेटून उभे होते. जमिनीच्या बाजूला पेशव्यांचे सैन्य. एक तोफगोळा एका जहाजावर पडला, आग लागली, आणि शेजारून शेजारी पसरत त्याच दिवशी सगळे आरमार जळाले. कान्होजींच्या काळी याच आरमाराला सगळा पश्चिम किनारा वचकून होता. मोकळ्या समुद्रात त्याला कोण धरणार होते? कोपऱ्यात सापडले आणि संपले.

परतताना भाचा गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, आमची रिंग स्टेजवर आहे. चटया टाकून. मागे पडदा.’’

‘‘केवढी?’’

‘‘आपल्या हॉलएवढी. आणि तीनच फेऱ्या.’’

म्हणजे खाडी नाही आणि रात्रही नाही. वर सतरा किलोंची तफावत. मुष्टियुद्धात वजनांचे गट पाडले आहेत ते काही लहानांचा अपमान करायला नव्हेत. मला एक वाक्य बोलायचे होते, ते साधे होते, पण घशाशी अडकले. साठ वर्षे ज्या म्हणीवर मान ताठ ठेवली, तिच्याविरुद्ध एका चौदा वर्षांच्या पोराला साक्ष द्यायची होती. आणि नाही दिली तर मजा लोकांना येणार होती, नाक याचे जाणार होते.

‘‘नाही जिंकणार तू,’’ मी म्हणालो. ‘‘लागेल तुला. आणि यात तुझं काही कमी नाही.’’

तो रडेल असे वाटले होते. पण त्याने इतका मोठा श्वास सोडला, की हे वाक्य कोणीतरी म्हणावे म्हणूनच तो दोन दिवस मोबाइल घेऊन बसला होता हे माझ्या उशिरा लक्षात आले.

दुपारी मी आणि भावोजी शाळेत गेलो. बोललो सगळे मी, वजनाच्या गटांसकट. भावोजी नुसते माझ्या मागे उभे होते. पाठीशी काहीतरी असावे लागते म्हणतात ते खोटे नाही. शाळेने ऐकले. भाच्याची लढत सत्तेचाळीस किलोच्या एका मुलाशी लागली.

तो हरला. गुणांवर, थोडक्यात.

‘‘वाईट वाटलं का रे?’’ मी रात्री फोनवर विचारले.

‘‘वाटलं. दुसऱ्या फेरीत मी उगाच जवळ गेलो, मामा. बिली कॉनसारखा.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी नाही जाणार.’’