‘क्रमागत पूर्णांक’ : शाब्दिक उदाहरणांच्या भाषेची चिकित्सा

बीजगणितातील शाब्दिक उदाहरणांचा विचार गणित म्हणून होतो. मजकूर म्हणून क्वचितच होतो. वस्तुतः विद्यार्थी पुष्कळदा समीकरणापूर्वीच्या वाक्यातच अडतो. ‘तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज ७२ आहे’ हे वाक्य पाहावे. उज्जैनसारख्या हिंदीभाषक शहरात ‘पूर्णांक’ हा शब्द प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर एकूण गुण या अर्थाने छापला जातो. उर्दूतील ‘सहीह आदाद’ या संज्ञेचीही तीच गत. व्यवहारात ‘सहीह’ म्हणजे बरोबर. संज्ञेची अशी उकल न करता थेट ‘क्ष मानू’ म्हणणे हा अध्यापनातील दोष होय.

दुसरा दोष ‘क्रमागत’ या शब्दाभोवती आहे. क्रमागत सम संख्यांसाठी क्ष, क्ष + २, क्ष + ४ लिहिणारा विद्यार्थी विषम संख्यांसाठी क्ष + १, क्ष + ३ लिहितो. ‘विषम’ हे विशेषण संख्येचे आहे, अंतराचे नव्हे. अंतर दोन्हीकडे २ च असते. मधली संख्या क्ष मानल्यास वरील उदाहरण ३क्ष = ७२ इतकेच उरते व २३, २४, २५ हे उत्तर मिळते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. ही उदाहरणे बहुधा उत्तर निघेल अशीच रचलेली असतात. बेरीज १०० दिली तर? १०० ला ३ ने निःशेष भाग जात नाही. म्हणून असे तीन पूर्णांकच नाहीत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या (११५०) कुट्टक प्रकरणात हीच कसोटी सांगितली आहे : भाज्य व भाजक यांना भागणाऱ्या संख्येने क्षेपाला भाग जात नसेल, तर ते उदाहरणच ‘दुष्ट’ होय. प्राचीन ज्योतिर्विदांनी ज्या उज्जैनवरून मध्यरेषा मानली, तेथील वर्गातही ही कसोटी शिकविली जावी.

‘लीलावती’चा फारसी अनुवाद फैजीने १५८७ मध्ये केला. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, ही कथा त्याच्याच प्रस्तावनेतून रूढ झाली. वर्गात कथा राहिली. कसोटी मात्र सुटली. ‘उत्तर नाही’ हेही सिद्ध करावे लागणारे उत्तर आहे, हे विद्यार्थ्याला कळले तरच तो प्रश्न सोडविण्याआधी वाचू लागेल. यासाठी गणिताच्या व भाषेच्या अध्यापकांनी उदाहरणसंग्रह एकत्र बसून तपासणे अगत्याचे आहे.