अखेरच्या उपदेशाचे लेखन : निसर्गदत्त महाराजांच्या अंतिम संवादांच्या अनुषंगाने

मृत्यूच्या छायेत असलेला गुरू शिष्याशी बोलतो आणि शिष्य ते बोलणे शब्दबद्ध करतो, हा वाङ्मयप्रकार सॉक्रेटिसाच्या अखेरच्या दिवसाइतका जुना आहे. अलीकडच्या काळात तो मिच अल्बम यांच्या 'ट्यूजडेज विथ मॉरी' (१९९७) या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचला. ब्रँडाइस विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक मॉरी श्वार्ट्झ यांना स्नायू निकामी करीत नेणारा ए.एल.एस. हा आजार जडला आणि १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी दर मंगळवारी झालेल्या भेटींचे हे पुस्तक अंधेरी-बोरिवलीच्या महाविद्यालयीन वाचकालाही परिचित आहे. मात्र, त्याच वाचकाच्या लोकलच्या वाटेवर, ग्रँट रोड व चर्नी रोड स्थानकांच्या पूर्वेस असलेल्या खेतवाडीत, १९८० व १९८१ या वर्षांत असाच एक संवाद मराठीतून चालू होता, याची जाण आपल्या समीक्षेत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात त्या संवादाच्या लेखनरूपाचा विचार करावयाचा आहे.

निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१), म्हणजे पूर्वाश्रमीचे मारुती शिवरामपंत कांबळी, यांचे बालपण कोकणात कांदळगावी गेले. शालेय शिक्षण बेताचेच. मुंबईत त्यांनी विड्यांचा व्यवसाय केला. १९३३ मध्ये इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज यांची भेट झाली. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये सिद्धरामेश्वरांनी देह ठेवला, म्हणजे गुरूचा सहवास जेमतेम तीन वर्षांचा. पुढे खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतील वनमाळी भवनातील लहानशा माळ्यावर साधक जमू लागले. मॉरिस फ्रीडमन यांनी मराठी ध्वनिफितींवरून सिद्ध केलेला 'आय ॲम दॅट' हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर परदेशी जिज्ञासूंची रीघ लागली. १९८० मध्ये घशाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि ८ सप्टेंबर १९८१ रोजी महाराजांचे निधन झाले. (विडीच्या दुकानाचा उल्लेख चरित्रकार मोठ्या कौतुकाने करतात. घशाच्या कर्करोगाशी त्या विडीचे काही नाते असेल का, हा प्रश्न मात्र ते वाचकावर सोडतात.) या अखेरच्या काळातील संवाद जीन डन यांनी संपादित केलेल्या 'प्रायर टू कॉन्शसनेस' या ग्रंथात संकलित झाले आहेत.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली असता पहिला भेद जाणवतो तो शिष्याच्या स्थानाचा. अल्बम हे आपल्या पुस्तकाचे अर्धे नायक आहेत. क्रीडा-पत्रकाराच्या धावपळीत हरवलेला तरुण गुरूच्या सहवासात बदलतो, ही त्या पुस्तकाची कथा होय. आठवड्यागणिक एक विषय येतो, कधी कुटुंब, कधी पैसा, कधी क्षमा, कधी वार्धक्य, आणि त्याच क्रमाने गुरूचे शरीर खचत जाते. ही रचना परिणामकारक आहे यात शंका नाही. परंतु धड्यांचे वजन ऱ्हासाच्या दृश्यातून येते. तीच वाक्ये धडधाकट मॉरींच्या तोंडी घातली असती तर त्यांतील कित्येक सामान्य वाटली असती, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

डन यांच्या ग्रंथात शिष्याला चेहराच नाही. तो केवळ प्रश्नकर्ता आहे. त्याचे काय झाले, तो सुधारला की नाही, हे कळत नाही. महाराजही आपल्या आजाराचे भांडवल करीत नाहीत. दुखणे व अशक्तपणा यांचा उल्लेख येतो, बोलणे कठीण झाल्याचे येते. पण त्यातून 'जीवनाचा धडा' निघत नाही. उलट, जन्मलाच नाही त्याला मरण कसले, या भूमिकेवरून ते प्रश्नकर्त्याचा प्रश्नच काढून घेतात. कुटुंब कसे सांभाळावे, पश्चात्तापाचे काय करावे, हे विचारू पाहणाऱ्या वाचकाची येथे निराशा होते. ही निराशा ग्रंथाचा दोष मानावी काय? मला तसे वाटत नाही. मात्र सर्वसामान्य दुःखितास मॉरी अधिक जवळचे वाटतील, हेही मान्य केले पाहिजे. देहाच्या वेदनेला 'ती माझी नव्हे' म्हणणे सिद्धाला शक्य असेल. रुग्णशय्येशी बसलेल्या नातेवाइकाला ते कठोर वाटू शकते.

शिष्याच्या या अदृश्यतेचे मूळ संप्रदायात शोधता येते. सिद्धरामेश्वरांची निरूपणे ऐकून लिहून घेणारे शिष्य स्वतः निसर्गदत्त महाराज होते. ती टिपणे पुढे 'अध्यात्मज्ञानाचा योगेश्वर' या नावाने ग्रंथरूप झाली. म्हणजे अल्बम यांची लेखकाची भूमिका महाराजांनी तरुणपणी पार पाडली होती. पण त्या ग्रंथाचा विषय निरूपण हा आहे, गुरुवियोगाने शिष्याची झालेली अवस्था नव्हे. 'मी आहे' या जाणिवेवर स्थिर राहा, एवढे गुरूंनी सांगितले आणि आपण त्यावर विश्वास ठेवला, असे महाराज पुढे वारंवार सांगत. शिकणे मुख्यतः गुरूच्या पश्चात झाले, मृत्युशय्येपाशी नव्हे.

यातील खरी अडचण भाषेची आहे. महाराज बोलत ते मराठी ज्ञानेश्वरी-दासबोधाच्या श्रवणावर पोसलेले, बाजारात वावरलेले होते. अखेरच्या संवादांत ते दुभाष्यांच्या इंग्रजीतून जीन डन यांच्याकडे गेले आणि त्या इंग्रजीवरून ग्रंथ झाला. रमेश बाळसेकर हे दुभाष्यांपैकीच एक. बँकेतील उच्चपदावरून निवृत्त झालेल्या या शिष्याच्या 'पॉइंटर्स फ्रॉम निसर्गदत्त महाराज' (१९८२) मध्ये तर संवादांना निबंधांचे घाटदार रूप आले आहे. तेथे गुरू कोठे थांबतो आणि शिष्य कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड आहे. 'कॉन्शसनेस' या एका शब्दामागे महाराजांनी जाणीव म्हटले होते, चैतन्य म्हटले होते की असणेपण, हे इंग्रजी पानावरून ठरत नाही. आणि मराठी परंपरेत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून या इंग्रजी ग्रंथांची मराठी भाषांतरे वाचून महाराजांच्या शैलीविषयी मत बनविणे धोक्याचे आहे. ज्या मूळ ध्वनिफिती उपलब्ध होतील, त्यांतील मराठी बोलणे अडखळण्यासह, खोकल्यासह, अर्धवट सुटलेल्या वाक्यांसह उतरवून घेणे हे मराठी विभागांनी हाती घेण्याजोगे काम आहे.