नोटेवरचा देश आणि बाबासाहेबांचा रुपया

बेलापूरच्या नाक्यावर चहावाल्याने माझं दहाचं नाणं परत केलं. म्हणाला, "हे चालत नाय भाऊ, नोट द्या." नाणं २०१५ सालचं. त्यावर बाबासाहेब. चहावाल्याच्या मनात जात होती असं मी म्हणत नाही. दहाची नाणी खोटी आहेत ही अफवा कित्येक वर्षं फिरते आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चलनी आहेत. त्या बँकेचं एक ऑफिस याच बेलापुरात आहे. तरी नाणं परत आलं.

'चालत नाय' हे शब्द आमच्या कानाला नवे नाहीत. आमच्या आज्या सांगायच्या, दुकानदार पैसा हातात घ्यायचा नाही. ओट्यावर ठेव म्हणायचा, वर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. पैसा शुद्ध व्हायचा, ठेवणारा हात व्हायचा नाही. म्हणून नाणी-नोटांकडे आम्हाला नुसता व्यवहार म्हणून बघता येत नाही. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते. मग ज्या कागदावर देश स्वतःचं चित्र छापतो त्याची का होऊ नये?

तर वाचू या. सत्तरीच्या दशकात आलेल्या पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी होता, मागे उगवता सूर्य. दोनाच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह. शंभराच्या एका नोटेवर हिराकूड धरण. हा प्रगतीचा देश. यात ट्रॅक्टर आहे, भूमिहीन मजूर नाही. धरण आहे, धरणाच्या पाण्यात ज्याचं गाव गेलं तो नाही.

२०१६ नंतरच्या नोटांवर देशाने तोंड मागे फिरवलं. विसावर वेरूळ, पन्नासावर हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. वास्तू आहेत, पाथरवट नाही. सांची बुद्धाची, सारनाथचे सिंह अशोकाचे. म्हणजे बुद्ध आमच्या खिशात आहे, पण पुराणवस्तू म्हणून. आणि या सगळ्या नोटांवर गांधींचा चष्मा आणि स्वच्छतेची घोषणा. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. माणसं गटारात उतरतात नि मरतात अजून. त्यांच्या घरच्यांच्या हातात जी नोट पडते तिच्यावरही हीच घोषणा असते.

नोटेवर पंधरा भाषांची पाटी आहे. तिच्यात संस्कृतची ओळ आहे. संथालीची नाही, जरी २००३ च्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली. कोण बोलतं यावर पाटी ठरलेली नाही, हे उघड आहे.

आता आपली मागणी. नोटेवर बाबासाहेबांचा फोटो हवा, असं आपण सभांतून म्हणतो. मागणी न्याय्य आहे. पण आजवर काय मिळालं ते बघा. १९९० ला, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, एक रुपयाचं नाणं. ६ डिसेंबर २०१५ ला दोन नाणी, एक दहाचं आणि एक १२५ रुपयांचं. १२५ चं नाणं चलनासाठी काढलेलंच नव्हतं, ते संग्रहासाठी. कपाटात ठेवायचे बाबासाहेब! दहाचं नाणं चलनी, तर ते नाक्यावर चालत नाही.

फोटो देणं सोपं असतं. पुस्तक वाचणं अवघड. १९२३ ला लंडनमध्ये बाबासाहेबांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापून आलं. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. रिझर्व्ह बँक या पुस्तकातून निघाली असं आपले कार्यकर्ते ठासून सांगतात. मित्रांनो, त्यात बँकेचा आराखडा नाही. त्यात आहे ते याहून धारदार आहे. केन्ससारख्यांनी वाखाणलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीला त्यांनी विरोध केला, कारण रुपये किती काढायचे हे त्या पद्धतीत सरकारच्या मर्जीवर राहत होतं. त्यांचा उपाय होता, रुपयाची टाकसाळ बंद करा, मर्यादा घाला, सोन्याचं नाणं चालवा. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असं त्या वेळी म्हटलं जायचं. बाबासाहेबांनी विचारलं, फायदा कुणाचा? भाव आधी चढतात, मजुरी मागून रांगत येते. मधला फरक व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडतो, आणि तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो.

उपाय जुना झाला. सोन्याचं चलन जगाने सोडून दिलं, ते परत येणार नाही. हे आपण भक्तीपोटी लपवू नये. पण प्रश्न जुना झालेला नाही.

हाच माणूस १९२८ ला मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडतो. त्यात म्हणतो, बलुतं बंद करा, त्याऐवजी रोख द्या, आणि ती रोख सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी. १९२३ चं पुस्तक आणि १९२८ चं बिल आपण कधी एकत्र वाचलंच नाही. भाकरतुकडा मागायला गेलेल्या माणसाला पाटलाचं तोंड बघावं लागतं. रोख हातात असलेला कुणाचाही मिंधा नसतो. नोटेवर गव्हर्नर वचन देतो ते 'धारकाला'. धारकाची जात त्यात विचारलेली नाही. बाबासाहेबांना रोख हवी होती ती याच्यासाठी, आणि त्या रोखीची किंमत टिकावी हेही त्याच्यासाठीच. बलुत्याचं वतन कायद्याने गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर, बाबासाहेब गेल्यावर.

आज नाक्यावर बिगारी सकाळी उभा राहतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा मुकादम म्हणाला, रोख नाही, मजुरी मागून घे. 'मागून घे' म्हणजे पुन्हा बलुतंच. १९ मे २०२३ ला दोन हजाराची नोट मागे घेतली. ती बदलून द्यायच्या एकोणीस ऑफिसांत बेलापूर होतं. पण नाक्यावरच्या कुणाच्या गाठीला ती नोट होती?

फोटोची मागणी सोडू नका. पण सभेत आधी हे विचारा की नाक्यावरची मजुरी पाच वर्षांत किती वाढली आणि तांदूळ-तेल किती वाढलं. हा हिशेब ज्याला मांडता आला त्याने बाबासाहेबांचं पुस्तक वाचलं असं मी समजेन. महाराष्ट्र शासनाच्या सहाव्या खंडात ते आहे, १९८९ चा खंड.

त्या दिवशी चहावाल्याला मी रिझर्व्ह बँकेचं पत्रक सांगितलं. त्याने नाणं घेतलं. उलटं करून बघितलं आणि गल्ल्यात टाकलं. पाणी शिंपडलं नाही.