निर्गमनाची भाषा : गुरुसंप्रदाय सोडणाऱ्यांच्या कथनांचा तुलनात्मक विचार

गुरूकडे जाण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अनुग्रह घेणे, उपदेश घेणे, दीक्षा घेणे, शरण जाणे, माळ घालणे, या प्रत्येक प्रयोगाला स्वतःची अर्थच्छटा व परंपरा आहे. गुरूपासून दूर होण्यासाठी मात्र भाषेत जे शब्द सापडतात ते बहुतांशी संप्रदायाच्या बाजूने घडलेले आहेत. 'गुरुद्रोह', 'भ्रष्ट', 'पतित' हे शब्द सोडून जाणाऱ्याचे वर्णन करीत नाहीत, त्याचा निवाडा करतात. 'माळ काढली' हा प्रयोग त्यातल्या त्यात सौम्य. पण त्यातही भर नियमभंगावर असतो, विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयावर नसतो. 'कान फुंकणे' या वाक्प्रचारात मंत्रोपदेश आणि चिथावणी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, यावरून लोकभाषेला गुरुसंस्थेविषयी शंका होती एवढे दिसते. परंतु ती शंका बाहेरून पाहणाऱ्याची आहे. आत राहून, काही काळ मनापासून विश्वास ठेवून, नंतर बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःविषयी बोलण्यासाठी तटस्थ क्रियापद भाषेने दिलेले नाही.

या अवस्थेसाठी येथे 'निर्गमन' हा शब्द वापरला आहे. मराठी बायबलातील 'निर्गम' या ग्रंथनामाशी असलेले त्याचे नाते अडचणीचे आहे आणि उपयुक्तही. त्या ग्रंथात दास्यातून बाहेर पडणाऱ्या लोकांपुढे एका वचनदत्त भूमीचे आश्वासन आहे. संप्रदाय सोडणाऱ्यापुढे अशी भूमी असतेच असे नाही. ती नसताना केलेले निर्गमन कथनात कसे मांडावे, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे. स्वतःचे रूप नसल्यामुळे अशी कथने अन्य साहित्यप्रकारांची रूपे उसनी घेतात. ती रूपे त्यांना बळ देतात, पण त्याचबरोबर अनुभवातील काही भाग हिरावूनही घेतात, असे चार उदाहरणांच्या आधारे दाखविता येते.

पहिले रूप न्यायालयीन साक्षीचे. मुंबईतील १८६२ चा महाराज लायबल खटला हा याचा आधुनिक भारतातील ठळक आरंभबिंदू होय. करसनदास मुळजी हे पुष्टिमार्गीय कुटुंबातील गुजराती सुधारक. 'सत्यप्रकाश' या त्यांच्या पत्रात २१ ऑक्टोबर १८६० रोजी प्रसिद्ध झालेल्या लेखात संप्रदायातील महाराजांच्या आचरणावर, विशेषतः स्त्रीभक्तांशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर, उघड आरोप होते. जदुनाथजी महाराजांनी १८६१ मध्ये ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी संगनमत केले. त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंडही झाला. म्हणजे मूळ दावा सुनावणीला येण्यापूर्वीच 'सोडून बोलणे' हे केवळ पारमार्थिक पाप न राहता जातिबहिष्काराचे कारण झाले होते. एप्रिल १८६२ मध्ये सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड यांच्या न्यायपीठाने प्रमुख मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने निर्णय दिला. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी यांनी त्यात वैद्य या नात्याने साक्ष दिली, ही बाब मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुंबईतील मराठी आणि गुजराती सुधारकांचे क्षेत्र त्या काळी किती सलग होते, हे तीवरून स्पष्ट होते.

साक्षीचे रूप निर्गमनाला सार्वजनिक सत्यता देते. जे घराघरांत कुजबुजले जात होते, ते या रूपामुळे नोंदले गेले. तथापि साक्षीत प्रश्न विचारण्याचा अधिकार दुसऱ्याचा असतो. साक्षीदाराने काय पाहिले हे विचारले जाते. तो तेथे इतकी वर्षे का गेला, तेथे त्याला काय लाभले, हे विचारले जात नाही, आणि तो सांगू लागला तर उलटतपासणीत तीच त्याची दुर्बलता ठरते. करसनदासांची युक्तिवादपद्धतीही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांनी श्रद्धा नाकारली नाही. हिंदूंच्या मूळ धर्माच्या नावाने नव्या पंथावर टीका केली. प्राचीनतर प्रामाण्याचा आश्रय घेऊन त्यांनी निकटच्या प्रामाण्याला आव्हान दिले. त्यामुळे 'आपण का मानले' हा प्रश्न त्यांच्या लेखनात बाजूला राहिला. हा खटला पुढे कादंबरीचा आणि २०२४ मध्ये हिंदी चित्रपटाचाही विषय झाला, आणि त्या चित्रपटाच्या प्रदर्शनाला गुजरात उच्च न्यायालयाने काही दिवस स्थगिती दिली होती, यावरून त्या साक्षींची धग पुरती विझली नसल्याचे दिसते.

दुसरे रूप धर्मांतरकथनाचे. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्र त्याचे मराठीतील प्रातिनिधिक उदाहरण. पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगाव येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तत्पूर्वी ते मुंबईच्या परमहंस सभेच्या वर्तुळात होते. या कथनाचा विषय एखादा गुरू सोडणे हा नाही. परंपरेचा सगळा परिसरच सोडणे हा आहे. तरीही रूपाच्या दृष्टीने ते येथे आवश्यक ठरते, कारण मराठी वाचकाला 'श्रद्धा सोडल्याची गोष्ट' ओळखीची झाली ती प्रामुख्याने या साच्यातून. ग्रंथनामच सांगते की कथनाची दिशा रात्रीकडून पहाटेकडे आहे. शेवट ठाऊक असलेला निवेदक मागील प्रत्येक प्रसंगाकडे त्या शेवटाच्या उजेडात पाहतो. यामुळे कथनाला सुसंगती येते. मात्र रात्र ही केवळ पहाटेची पूर्वतयारी म्हणून उरते. तेथील देवघर, सण, आप्तांचा स्नेह यांना स्वतंत्र मोल राहणे कठीण होते. पदमनजींच्या निवेदनशक्तीमुळे हे जग साच्याच्या फटींतून पुन्हा पुन्हा डोकावते, ही त्या ग्रंथाची वाङ्मयीन श्रीमंती होय. परंतु ज्याच्यापुढे दुसरी पहाट नाही, अशा निर्गमन करणाऱ्याला हा साचा उपयोगाचा नाही. तो वापरायचा तर त्याला एक नवी श्रद्धा शोधावीच लागते. निदान 'विवेक' किंवा 'विज्ञान' यांना तरी अरुणोदयाच्या जागी बसवावे लागते.

मराठीतील बुवाबाजीविरोधी लेखन हे काही अंशी याच जागी उभे आहे. आचार्य अत्र्यांच्या 'बुवा तेथे बाया' या नाटकापासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या ग्रंथांपर्यंत या लेखनाचे सामाजिक मोल वादातीत आहे. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेली हत्या आणि त्याच वर्षी झालेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा यांनी त्या मोलाची किंमतही दाखवून दिली. तथापि वाङ्मयप्रकार म्हणून पाहता या लेखनाचा नायक किंवा खलनायक बुवा असतो. भक्त हा फसवला गेलेला म्हणून येतो, आणि भ्रम फिटला की त्याची गोष्ट संपते. प्रत्यक्षात निर्गमनाची गोष्ट तेथून सुरू होते.

तिसरे रूप राजकीय भ्रमनिरासाच्या आठवणींचे. पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये १९७४ मध्ये रजनीशांचा आश्रम स्थिरावला. १९८१ मध्ये ते अमेरिकेस गेले. ऑरेगनमधील वसाहत १९८५ मध्ये कोसळली. १९८७ मध्ये ते पुण्यास परतले आणि १९९० मध्ये निवर्तले. या वसाहतींतून बाहेर पडलेल्यांचे लेखन मुख्यत्वे इंग्रजीत आहे. रजनीशांचा अंगरक्षक राहिलेल्या ह्यू मिल्न यांच्या १९८६ च्या पुस्तकाचे उपशीर्षक 'द गॉड दॅट फेल्ड' असे आहे. रिचर्ड क्रॉसमन यांनी १९४९ मध्ये संपादित केलेल्या, साम्यवादाचा त्याग केलेल्या किंवा त्यापासून दुरावलेल्या लेखकांच्या प्रसिद्ध संग्रहाचे हेच नाव. ही नामसाधर्म्याची बाब तुलनाकाराने दुर्लक्षू नये. साम्यवादाचे त्यागपत्र लिहिणाऱ्यांनी धर्माची भाषा घेतली. चार दशकांनी गुरूला सोडणाऱ्याने तीच भाषा राजकारणाच्या हातून परत घेतली. दोहोंत समान असलेली गोष्ट अशी की अपयशी ठरतो तो देव. भक्त अपयशी ठरत नाही. मिल्न यांच्या कथनात पुण्याच्या आरंभीच्या वर्षांविषयीची ओढ लपत नाही, आणि ते प्रामाणिक आहे. पण दाराशी उभा राहून इतरांना आत सोडणारा वा अडवणारा माणूस त्या सत्तेचा भागीदारही असतो. या भागीदारीचा हिशोब हे रूप पूर्णपणे मागत नाही, कारण दोष वास्तूच्या मधल्या मजल्यावर, म्हणजे संघटनेवर आणि तिच्या कारभाऱ्यांवर, टाकण्याची सोय त्यात असते.

टिम गेस्ट यांचे 'माय लाइफ इन ऑरेंज' (२००४) या सोयीपासून मुक्त आहे, आणि त्याचे कारण निवेदकाच्या स्थानात आहे. गेस्ट यांची आई रजनीशांची संन्यासिनी झाली. मुलगा त्या समूहाच्या इंग्लंडमधील व अन्य वसाहतींत वाढला. तेथे मुलांना आईबापांपासून वेगळे, एकत्र ठेवले जाई. या मुलाने श्रद्धा निवडली नव्हती, त्यामुळे ती गमावण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही. त्याने गमावली ती आई, आणि तीही एकाच रंगाच्या कपड्यांतील माणसांच्या गर्दीत. सिद्धान्ताचे खंडन न करता हे पुस्तक समूहाने नात्यांचे काय केले ते दाखवते. मोठ्यांच्या मुक्तीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न येथे आरोप म्हणून येत नाही. तो बालकाच्या दिनक्रमाच्या वर्णनातून येतो.

चौथे उदाहरण मराठी भाषकाचे आणि राजस्थानाशी जोडलेले आहे. विमला ठकार (१९२१-२००९) यांनी १९५० च्या दशकात विनोबांच्या भूदान चळवळीसाठी देशभर पायपीट केली. १९५६ मध्ये वाराणसीला राजघाट येथे त्यांची जे. कृष्णमूर्तींशी भेट झाली. पुढे त्यांनी भूदान सोडले, सहकाऱ्यांना पत्राने तसे कळवले, आणि आयुष्याचा उत्तरकाळ अबूच्या पहाडावर घालवला. 'ऑन अॅन इटर्नल व्हॉयेज' (१९६६) या लहानशा पुस्तकात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. भूदान हा रूढ अर्थाने गुरुसंप्रदाय नव्हे आणि विनोबांवर येथे कोणताही ठपका नाही. म्हणूनच हे निर्गमन अभ्यासाच्या दृष्टीने अधिक अवघड आहे. दोष दाखवता येत नसताना सोडणे हे कसे सांगावे?

या पुस्तकातील कळीचा भाग कानाच्या आजारासंबंधीचा आहे. कृष्णमूर्ती हस्तस्पर्शाने उपचार करू पाहतात, आणि ठकार यांना संकोच वाटतो तो उपकाराच्या ओझ्याचा. आपण उपचार स्वीकारला तर त्यातून बांधीलकी निर्माण होईल काय, ही त्यांची शंका आहे. एका समूहातून बाहेर पडू पाहणारी व्यक्ती दुसऱ्या गुरूच्या उंबरठ्यावर नेमकी कोठे अडखळते, हे येथे फार नेमकेपणाने टिपले गेले आहे. कृष्णमूर्तींनीही १९२९ मध्ये ओमेन येथे स्वतःभोवती उभारलेला 'ऑर्डर ऑफ द स्टार' बरखास्त केला होता. म्हणजे गुरूच्या बाजूने झालेले ते निर्गमनच. पण गुरुत्व नाकारणाऱ्याभोवतीही गुरुत्व जमते, याचा पुरावा राधा राजगोपाल स्लॉस यांचे १९९१ चे पुस्तक देते; कृष्णमूर्तींच्या खाजगी जीवनाविषयी निकटच्या घरातून आलेले ते आक्षेपकथन आहे.

ठकार यांच्या कथनाची मर्यादाही येथेच आहे. आंतरिक परिवर्तनाचे वर्णन सुरू होताच त्यांची भाषा स्फोट, अग्नी, मौन अशा प्रतिमांकडे वळते, आणि सोडलेल्या सहकाऱ्यांचे, पायवाटांचे, जमिनीच्या प्रश्नाचे चित्र धूसर होते. अरुणोदयाचा साचा मागल्या दाराने परत येतो. मात्र त्यांच्या चरित्राने तो साचा पूर्ण होऊ दिला नाही. पुढील काळात त्या पुन्हा ग्रामीण आणि सामाजिक कार्याकडे वळल्या, आणि १९८४ च्या 'स्पिरिच्युअॅलिटी अँड सोशल अॅक्शन' मध्ये अध्यात्म व समाजकार्य वेगळे काढता येत नाहीत अशी मांडणी त्यांनी केली. जे सोडले त्यातील काही खरे होते, हे मान्य करण्याची ही कृती होती. कथनाने जे पुरते केले नाही ते आयुष्याने केले.

या विवेचनाचा संबंध केवळ वाङ्मयप्रकारांशी नाही. राजस्थानातच जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये आसाराम बापूस अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेपेची शिक्षा दिली. फिर्यादी मुलीचे कुटुंब त्याचे अनुयायी होते, आणि त्याच्याशी संबंधित प्रकरणांतील अनेक साक्षीदारांवर हल्ले झाले; काहींना जीव गमवावा लागला. १८६२ आणि २०१८ यांमध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर असूनही सोडून बोलणाऱ्याची स्थिती फारशी बदललेली नाही. त्याच्याकडे संप्रदाय द्रोही म्हणून पाहतो, आणि बाहेरचा समाज 'इतकी वर्षे कळले कसे नाही' असे विचारतो. हा दुसरा प्रश्न साक्षीच्या, धर्मांतराच्या आणि भ्रमनिरासाच्या रूपांनी वाचकाच्या मनात रुजवलेला आहे. या रूपांत मानण्याचा काळ हा चुकीचा, अंधाराचा किंवा फसवणुकीचा असतो. त्यामुळे ज्याला आजही तेथील भजनाची चाल आठवते, त्याची साक्ष संशयास्पद ठरते.

म्हणून निर्गमनकथनांच्या मूल्यमापनाचा निकष खंडनाच्या तीव्रतेत शोधणे अपुरे आहे. श्रद्धेचा काळ त्यात समजण्याजोगा राहतो काय, आणि तो तसा राहूनही सोडण्याचा निर्णय तितकाच ठाम उभा राहतो काय, हे पाहिले पाहिजे. गेस्ट यांच्या पुस्तकात हे साधले आहे. ठकार यांच्या पुस्तकात उपचाराच्या प्रसंगापुरते ते साधले आहे. पदमनजींच्या निवेदनात ते साच्याच्या विरोधात जाऊन अधूनमधून घडते. गुरुपरंपरेचे इतके विपुल वाङ्मय असलेल्या मराठीत, कोणत्याही पहाटेचे आश्वासन न देता लिहिलेले निर्गमनाचे सविस्तर आत्मकथन मुख्य प्रवाहात ठसठशीतपणे उभे राहिलेले दिसत नाही. अशा कथनाला हवी असलेली साधने भाषेत अगदीच नाहीत असे मात्र नव्हे. 'कान फुंकणे' या एका प्रयोगात मंत्र आणि चिथावणी शेजारी शेजारी राहू शकतात, तर ओढ आणि नकारही एका कथनात राहू शकतील.